दिवे लागायच्या आत

लग्न होऊन मी इंदोऱ्याला आले ते साल पासष्ट. सासरचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सासूबाई विड्या वळायच्या, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्ही खोल्यांत मिळून आम्ही दोघं, दीर-जाऊ, त्यांची तीन मुलं आणि तेंदूपत्त्याचा वास. माझ्याजवळ मॅट्रिकचं शिक्षण होतं आणि मौद्याच्या पोस्टातली नोकरी होती. आमच्या वस्तीतल्या कोणी पोस्टात बसलेली बाई तोवर पाहिली नव्हती. सुरुवातीला शेजारच्या बाया सकाळी मुद्दाम ओट्यावर येऊन बसायच्या, मी चपला घालून, डबा घेऊन कशी निघते ते पाहायला. एक म्हातारी तर मला विचारायची, "नवीन सूनबाई, आज कोनाची चिठ्ठी वाचली वं?" पोस्टात बसणारी बाई सगळ्यांची पत्रं वाचते अशी तिची समजूत होती, आणि ती मी शेवटपर्यंत काढू शकले नाही.

माझे यजमान रुपराव हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचं नाव मी असं सरळ लिहिते आहे, त्याला कारण आहे. छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षा झाली तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोरगे होते आणि दोन दिवस मैदानावर लोकांना पाणी वाटत होते. तिथे त्यांनी जे ऐकलं ते त्यांनी फिटरसारखं ऐकलं. म्हणजे समता हा शब्द त्यांच्या लेखी भाषणातला नव्हता, मोजून बसवायच्या भागासारखा होता. लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, "मी तुले यमू म्हणतो, मंग तू मले अहो काहून म्हणतं? माहं नाव घे." मी चारचौघांत नाव घेतलं तेव्हा जाऊबाईंच्या हातातून भाकर तव्याबाहेर पडली. रुपराव पोळ्या लाटायचे, त्या कधी गोल झाल्या नाहीत, पण माझ्या जितक्या लाटून व्हायच्या तितक्याच ते लाटायचे. विहिरीवरून मी दोन बादल्या आणल्या तर तेही दोन आणायचे. वस्तीतले लोक हसायचे. मला मात्र त्या हसण्याचाही अभिमान वाटायचा.

अडचण एकच होती. मौदा नागपूरच्या पूर्वेला, भंडारा रोडवर, पार कन्हान नदी ओलांडून. हिंगणा रोड पश्चिमेला. आणि इंदोरा या दोन्हींपासून बाजूला, वर कामठी रोडवर. सकाळी अंधारात आम्ही दोघं निघायचो. मी बस बदलत बदलत एका टोकाला जायचे, ते सायकलने दुसऱ्या टोकाला. परत येईपर्यंत मुलं झोपलेली, सासूबाई कंदील बारीक करून विड्यांचे कट्टे बांधत बसलेल्या. दोघांचं ताट झाकलेलं असायचं.

सहासष्ट साली विशाखा झाली. रजा संपली आणि मी परत मौद्याला जाऊ लागले. सासूबाईंनी, भीमाबाईंनी, पोरीला आपल्या मांडीवर घेतलं आणि मांडीवरच्या सुपातल्या विड्या खाली ठेवल्या. जाऊबाईंनी एकदा सुचवून पाहिलं की यमूनं काही वर्षं नोकरी सोडावी. सासूबाई म्हणाल्या, "नोकरी सोडाची गोष्ट काढशील तर पोरगी तुह्यापाशी ठेवीन अन् मीच मौद्याले जाऊन बसीन." नोकरी सोडायचा विषय आमच्या घरात तो तेवढाच निघाला.

पण विशाखा बोलायला लागली आणि सासूबाईंना आई म्हणायला लागली. मला ती नाव घेऊन हाक मारायची, यमू, कारण घरात तिला तेच ऐकू यायचं. सगळ्यांना गंमत वाटायची. मलाही वाटायची, दिवसा. शेवटी मी आणि रुपरावांनी ठरवलं की अशा जागी खोली घ्यायची जिथून दोघांचाही रस्ता तुटेल, आणि पोरीला तिथे आपल्याजवळ न्यायचं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. त्या कधी आडकाठी करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी अट एकच घातली.

"दिवे लागाच्या आत दोघातलं कोनी एक घरात पाह्यजे," त्या म्हणाल्या. "कोनीबी एक. मंग घेऊन जा तुमची पोरगी. अंधारात कुलुपापाशी बसाले मी तिले देनार नाही."

अट रास्त होती. आम्ही दोघांनी ती मान्य केली आणि पुढच्या रविवारपासून घर पाहायला लागलो.

रविवारी मी सायकलच्या कॅरिअरवर बसायचे आणि आम्ही नागपूर पालथं घालायचो. तेव्हाचं नागपूर आता डोळ्यांपुढे आणलं तर मध्ये मध्ये मोकळी मैदानंच फार दिसतात, आणि बाभळी. पश्चिमेकडे नव्या वस्त्या होत होत्या. तिकडे चांगल्या हवेशीर खोल्या मिळत, पण आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. एका घरी तर बाईंनी आम्हाला पाणी दिलं, खोली दाखवली, नळ उघडून दाखवला, आणि मग नाव-गाव विचारलं. रुपरावांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, यांना विचारून सांगते. रस्त्याला लागल्यावर रुपराव म्हणाले, नळाला पाणी चांगलं होतं.

तरी त्याच बाजूला, जयताळ्याकडे, एक खोली मिळत होती. घरमालक आमच्यातलेच होते. कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर. रुपराव चहा प्यायला घरी येऊ शकले असते. अट तर सहज पूर्ण होत होती. मी म्हटलं, घेऊन टाकू. रुपराव अंगणात उभं राहून विचार करत राहिले आणि मग त्यांनी मला विचारलं की इथून मौदा किती लांब पडेल. मी म्हटलं, पडेल थोडं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मी दारात अन् तू अर्ध्या महाराष्ट्रात. हे बरोबर नाही यमू." मी खूप समजावलं. माझं मीच जायला तयार आहे, तर तुम्हाला काय, असं म्हटलं. ते म्हणाले की बायका तयारच असतात, म्हणूनच तर सगळा घोळ आहे.

पुढे काही महिन्यांनी पारडीच्या बाजूला, भंडारा रोडला लागून एक खोली निघाली. तिथून मला मौद्याची बस दारात होती. मी संध्याकाळी लवकर पोचले असते. आता रुपराव म्हणू लागले, घेऊ. आणि मी नाही म्हटलं. तिथून हिंगणा रोडला रोज सायकल मारायची म्हणजे सगळं शहर आडवं कापायचं, तेही उन्हाळ्यात. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी सायकलवर काढला त्यांनाच तो ठाऊक. मी म्हटलं, जे तुम्हाला माझ्यासाठी बरोबर वाटलं नाही ते मला तुमच्यासाठी कसं वाटेल. ते हसले. मला अजून आठवतं, ते खूश झाले होते. आपण सांगितलेलं बायकोला कळलं, असं त्यांना वाटलं असावं. त्या हसण्यापायी ती खोली गेली. तेव्हा आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही. खोल्या काय, मिळतील, असं आम्ही म्हणत होतो. विशाखा तेव्हा चार वर्षांची होती.

मग गणेशपेठेतली खोली मिळाली. खाली गुरांच्या खाद्याचं, सरकीच्या ढेपीचं दुकान, वर एक खोली आणि समोर गच्चीचा तुकडा. दुकानाचे आणि खोलीचे मालक बापूजी. त्यांनी आडनाव विचारलं नाही, भाडं वेळेवर द्याल का एवढंच विचारलं. एस.टी. स्टँड जवळ, म्हणजे माझी सोय. बर्डीचा बाजार जवळ, म्हणजे तिथून हिंगणा रोडला सरळ रस्ता. शहराच्या पोटात होती ती जागा. पण रुपरावांना अंदाज चालत नसे. त्यांनी ठरवलं की जागा खरंच मधोमध आहे का ते करून पाहायचं.

दोघांनाही सुट्टी रविवारचीच. तर एका रविवारी आम्ही सकाळी बापूजींच्या दुकानापुढे उभे राहिलो आणि एकाच वेळी निघालो. मी एस.टी.ने मौद्याला गेले, पोस्टाच्या बंद दाराला हात लावला, आणि समोर लागलेल्या पहिल्या बसने परत आले. रुपराव सायकलने कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलले आणि परतले. मी पोचले तेव्हा ते नुकतेच सायकल उभी करून घाम पुसत होते. बापूजी गादीवर बसून सगळं पाहत होते.

"लोकं घर पाहाले येते तं भिंती ठोकते, नळ पाहाते," ते म्हणाले. "तुमी दोघं तं घर पाहाले आले अन् घर सोडून पळाले गा."

रुपराव म्हणाले, "घर तं भिंतीत नसते बापूजी, रस्त्यात असते."

दोघांना जवळजवळ सारखाच वेळ लागला, याचा त्यांना केवढा आनंद झाला. एखादा भाग घासून घासून जागेवर नेमका बसावा तसा. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या बयाणा दिला. तिथून जाताना आम्ही चना-पोहा खाल्ला, आणि इंदोऱ्याला जाऊन विशाखाला सांगितलं की आता लवकरच तुझं नवं घर. तिने विचारलं, आई येणार का. आई म्हणजे सासूबाई.

घडी बसली की पोरीला आणायचं, असं ठरवून आधी आम्ही दोघंच गणेशपेठेत राहायला गेलो. रविवारचा रस्ता आणि सोमवारचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात, हे आम्हा दोघांना सुचलं नाही; रोज त्याच रस्त्याने येणारी मीही तोवर उशिराचा दोष बस बदलण्याला देत होते. रविवारी इतवारीचा घाऊक बाजार थंड असतो. सोमवारी संध्याकाळी तिथल्या हातगाड्या धान्याची पोती आणि कापडाचे गठ्ठे घेऊन मोठ्या रस्त्यावर उतरायच्या, टेम्पो आडवे व्हायचे, आणि त्याच्याही आधी पारडीच्या जकात नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असायची. आमची बस त्या रांगेत उभी राहायची. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढायचा. मी खिडकीतून पश्चिमेला पाहत राहायचे. आधी आभाळ तांबडं व्हायचं, मग एकेका दुकानात बल्ब लागायचा. मी स्टँडवर उतरायचे तेव्हा दिवे लागून बराच वेळ झालेला असायचा.

उतरले की रुपराव बाकावर बसलेले दिसायचे. मला पाहून उठायचे, माझी पिशवी घ्यायचे आणि सायकलला अडकवायचे. मी विचारायचे, कधी आलात. ते म्हणायचे, आत्ताच आलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोघांना सारखाच वेळ लागतो हे आम्ही करून पाहिलेलं होतं. माझ्या रस्त्याला गर्दी झाली तशी त्यांच्याही रस्त्याला झाली असणार, असं मी धरून चालले. आणि मग दोघंही दिवे लागल्यावर घरी पोचतो म्हटल्यावर विशाखाला आणायचं कसं? सासूबाईंना दिलेला शब्द होता. आम्ही म्हणालो, माझी बदली नागपुरात होईल तेव्हा आणू. बदलीसाठी माझ्या आधी पुष्कळ लोक होते.

पण स्टँडपासून घरापर्यंतचं ते चालणं. ते सायकल हातात धरून चालायचे आणि मी त्यांच्या बाजूला. वाटेत भाजी घ्यायचो. ते कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, मी पोस्टातल्या. एखाद्या म्हाताऱ्याने मनीऑर्डर आलेली नसताना रोज येऊन कसं विचारलं, वगैरे. पुष्कळ बायकांना नवऱ्याशी बोलायला मागचं दार बंद व्हावं लागायचं. मला भर रस्त्यात मिळत होतं. माझ्या संसारातलं सुख मला विचाराल तर ते त्या रस्त्यावर होतं. मी ते नाकारणार नाही.

रविवारी आम्ही इंदोऱ्याला जायचो. विशाखा शाळेत जाऊ लागली, वाढू लागली. तिचे केस सासूबाई विंचरायच्या. विड्यांची पानं कापायची कातरी विशाखाच्या हातात इतकी झरझर चालायची की पाहत राहावं. आम्ही तिच्यासाठी काही नेलं की ती ते घ्यायची, आणि आजीला दाखवायला आत जायची. आता सासूबाईंना आजी म्हणायला तिला शिकवलं होतं. मला ती आई म्हणू लागली होती, शिकवल्यामुळे.

अशी वर्षं गेली. सत्याहत्तर सालच्या थंडीत एका दुपारी मला पोस्टात हुडहुडी भरून ताप आला. टपालाची गाडी नागपूरला निघाली होती, तिच्यातून मला पाठवून दिलं. गाडीने मला स्टँडजवळ सोडलं तेव्हा ऊन अजून होतं. घरापर्यंत चालवेना, म्हणून मी स्टँडवर पलीकडच्या टोकाला, फलाटाच्या भिंतीला टेकून बसले. डोळे मिटले असावेत. उघडले तेव्हा समोरून रुपराव आले. सायकल त्यांनी खांबाला लावली, बाकावर बसले. गोविंदा चहावाल्याने न मागता त्यांच्या हातात कप दिला. आभाळात चांगला उजेड होता. मला वाटलं, आज त्यांचंही काही बिनसलं असेल.

मी त्यांना हाक मारली नाही. का ते सांगता येत नाही, ताप होता म्हणा. ते बसून राहिले. वर्तमानपत्र नाही, कोणाशी बोलणं नाही. भंडाऱ्याकडची बस आली की उठायचे, दाराशी जायचे, उतरणाऱ्या सगळ्यांना पाहायचे आणि परत येऊन बसायचे. ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. स्टँडवरचे दिवे लागले. ते बसलेलेच. शेवटी माझी रोजची बस आली, ते उठले, शेवटचा माणूस उतरेपर्यंत दाराशी उभे राहिले, आणि मग त्यांनी कंडक्टरला काहीतरी विचारलं. तेव्हा मी मागून गेले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

गोविंदा कप विसळत हसला. "आज वहिनी मांगून आल्या," तो म्हणाला. "साहेब तं रोजच्यासारखे ऊन असल्यापासून बसून राह्यले."

आम्ही चालू लागलो. त्या दिवशी भाजी घेतली नाही. भाजीच्या गाड्या मागे पडल्यावर मी विचारलं, केव्हापासून. ते म्हणाले, पहिल्यापासून. त्यांच्या रस्त्याला गर्दी नव्हतीच. हिंगणा रोड तेव्हा संध्याकाळी असा मोकळा असायचा की गुरं रस्त्यात बसायची.

मी म्हटलं, "पोरीला आणता आलं असतं. सात वर्षं."

ते सायकलची घंटी अंगठ्याने उगाच पुसत चालले होते. "मी घरात पाय पसरून बसू, अन् तू पारडीच्या नाक्यावर उभी," ते म्हणाले. "ते मले जमत नव्हतं यमू."

"आणि विशाखा?"

यावर ते थांबले. रस्त्याच्या कडेला, एका सायकलच्या दुकानापाशी. "पोरगी माह्यापाशी येत नाही," ते म्हणाले. "मांडीवर घेतली तं अंग चोरते. तू येईपर्यंत रोज मी अन् ते, एका खोलीत. काय बोलू मी तिच्याशी? तूच सांग. मले भेव वाटे."

मला ताप होता, आणि राग यायला अंगात जोर लागतो. आज त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी मला त्यांना दोष देता येत नाही. घरी आल्यावर त्यांनी मला कांबळं पांघरलं, खिचडी टाकली, आणि माझ्या उशाशी बसून म्हणाले की उद्यापासून मी सरळ घरी येत जाईन. या रविवारी पोरीला घेऊन येऊ.

आम्ही गेलो. सासूबाईंच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पडत चालला होता, संध्याकाळनंतर त्यांना दिसेनासं व्हायचं. रुपरावांनी त्यांना सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी विड्याचा दोरा दातांनी तोडला.

"तुमी दोघं मोठे बरोबरीचे," त्या म्हणाल्या. "एका पारड्यात तू, एका पारड्यात यमू. तराजू कसा सरळ उभा. पोरीले कोन्या पारड्यात टाकलं होतं, मले सांगा."

मग त्यांनीच विशाखाला हाक मारली आणि तिचे कपडे भरायला सांगितलं. "मी अट घातली होती, तुमी पुरी केली, आता मी कोन," असं म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. विशाखा अकरा वर्षांची होती. तीही रडली नाही. तिने आपली कातरी पिशवीत टाकली, मग काढून परत सुपात ठेवली, आजीच्या हाताला लागेल अशी.

गणेशपेठेत ती आमच्याजवळ राहिली ते थंडीचे उरलेले दिवस. शाळा बर्डीची मिळाली. शाळेतून यायची तेव्हा रुपराव घरी पोचलेले असायचे. शब्दाप्रमाणे ते सरळ घरी येत. त्यांनी तिच्यासाठी लुडो आणला. ती खेळायची, हरायची, सोंगट्या डब्यात नीट भरून ठेवायची. ते चहा करायचे, ती कप विसळायची. पाणी प्यायचं तर आधी विचारायची, घेऊ का. चपला आत न आणता जिन्याखाली ठेवायची, खाली ढेप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या चपलांजवळ. सकाळी अंथरुणाची घडी अशी घालायची की रात्री तिथे कोणी झोपलं होतं असं वाटू नये. इतकं चांगलं वागणारं मूल मी दुसरं पाहिलं नाही. मी रोज नाक्यावर बसमध्ये उभी राहून मनाशी म्हणायचे, बसेल, हळूहळू बसेल. झाडदेखील एका जागचं उपटून दुसऱ्या जागी लावलं तर आधी पानं टाकतं.

स्टँडवर आता बाक रिकामा असायचा. मी एकटी घरी चालत यायचे, लवकर पाय उचलत.

एक दिवस आले तर खोलीत अंधार. जिन्यावरून मला वाटलं दोघं कुठे बाहेर गेले. आत जाऊन बटण दाबलं तर रुपराव भिंतीला टेकून बसलेले, आणि विशाखा समोरच्या भिंतीला टेकून. दोघंही जागे. दिवा का लावला नाही, विचारलं तर रुपराव म्हणाले की त्यांना वाटलं ती झोपली आहे. विशाखा म्हणाली की तिला वाटलं बाबा झोपले आहेत. उजेड असल्यापासून दोघं तसेच बसले होते, एकमेकांची झोप मोडू नये म्हणून.

मी चूल पेटवायला घेतली. तेव्हा विशाखा बोलली, अगदी हळू.

"आजीले संध्याकाळी दिसत नाही. काकू स्वयंपाकात राह्यते. पानं कापताना आजी बोट कापून घेईन." मग म्हणाली, "मी जाऊ का?"

मी रुपरावांकडे पाहिलं. एक शब्द बोला, असं माझ्या मनात होतं. राहा म्हणा. बापाच्या हक्काने म्हणा, ओरडून म्हणा, वाटलं तर हात धरून बसवा. कधी नव्हे ते घरात कोणी मोठं असल्यासारखं वागा.

रुपरावांनी तिला जवळ बोलावलं नाही. त्यांनी आपली मान खाली घातली आणि म्हणाले, "या घरात तिघायचंबी मत सारखं आहे. तुह्या मनात असंन तसं कर."

ती म्हणाली, "मंग मी जाते."

तो काही रागाने बोललेला शब्द नव्हता. तिला विचारलं होतं आणि तिने सांगितलं होतं. मीही राहा म्हणू शकले नाही. कशाच्या जोरावर म्हणणार होते? मी तर तिला संध्याकाळ उलटल्यावर भेटणारी बाई होते. माझी बदली नागपुरात झाली ती पुढे त्र्याऐंशी साली, आणि तेव्हा विशाखाचं लग्न ठरत होतं, तेही इंदोऱ्याच्या घरून.

रविवारी मी तिला पोचवायला गेले. रुपराव आले नाहीत. सायकलची चेन काढून रॉकेलमध्ये टाकून बसले होते, हात काळे होते, म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. नुसते म्हणाले, अभ्यास कर.

इंदोऱ्याच्या गल्लीत शिरल्याबरोबर तिने माझ्या हातातली आपली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागली. ओट्यावरच्या बायांनी तिला हाका मारल्या, तिने प्रत्येकीला उत्तर दिलं. कोणी तरी काही तरी म्हटलं त्यावर ती हसली, मोठ्याने, डोकं मागे टाकून. गणेशपेठेत ती कधी हसली नव्हती असं नाही. पण हे हसणं मला माहीत नव्हतं.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्याही. विशाखा आत गेली, पिशवी खुंटीला अडकवली, माठावरचं झाकण काढलं, आणि तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. बाहेरून आलेल्या माणसाला आपण आधी पाणी देतो तसं तिने ते माझ्यापुढे धरलं. मी प्यायले. मग ती आजीजवळ मांडी घालून बसली, सूप पुढे ओढलं, आणि तिचे हात चालू लागले. पानं कापता कापता ती आजीला दुकानातल्या ढेपीच्या वासाबद्दल सांगत होती, लुडोबद्दल सांगत होती, जशी सहलीहून आलेली मुलं सांगतात. वाईट असं काही सांगितलं नाही. बाबा चहा चांगला करतात, म्हणाली.

सासूबाईंनी जेवून जा म्हटलं. मी जेवले. निघाले तेव्हा विशाखा मला पोचवायला चौकापर्यंत आली. मी म्हटलं, कशाला, मला रस्ता माहीत आहे. पण ती आली. त्याच चौकातून मी कितीतरी वर्षं अंधारात बस धरली होती, तिच्या जन्माच्या आधीपासून.

शहर बस आली तशी ती पुढे झाली, दाराच्या दांड्याला धरून तिने कंडक्टरला सांगितलं, "दादा, यांले बर्डीवर उतरून द्या. मांगची सीट नका देऊ, यांले गाडी लागते."

मला गाडी कधी लागत नव्हती. सगळा जन्म मी गाडीत काढला होता. तिला ते माहीत नव्हतं, आणि कोणीतरी पाहुणं माणूस व्यवस्थित पोचावं म्हणून आपण जे काही सांगतो ते ती सांगत होती.

कंडक्टरने मला पुढे जागा करून दिली. "बर्डी ना मावशी?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं आणि तिकिटाला पैसे दिले.